वरची बटणं खोटी

अपंगत्वाच्या तपासणीला जाताना कुणी इतकं नटतं का? पण थोरलीला सांगणार कोण! सकाळपासून तिची नुसती धांदल चालली होती. आधी गरम पाण्याच्या पातेल्यात दोन्ही हात बुडवून बसली. मग डॉक्टरीणबाईंनी 'अगदीच सहन होईना तर' म्हणून दिलेली गोळी घेतली, आणि तेवढ्यावर भागलं नाही म्हणून वर आणखी अर्धी. मग तो गडद निळा ड्रेस, कडक इस्त्रीचा, गळ्यापासून खाली बटणांची सरळ ओळ असलेला. केस असे चापूनचोपून बांधलेले की एक बट सुटेल तर शपथ. अर्थात केस बांधले होते धाकटीनं, पण ते काही थोरली आत जाऊन सांगणार नव्हती.

"ताई, आपण लग्नाला नाही चाललो," धाकटी म्हणाली. "हात कामातून गेलेत, ते दाखवायला चाललोय."

"गेलेत म्हणजे काय गं? तोंड आहे का काय आहे तुझं! चार माणसांत जायचं तर नीटनेटकं नको?"

धाकटीनं कपाळाला हात लावला आणि पिशवी उचलली.

या दोघी जावा. नवरे सख्खे भाऊ, दोघं एकाच ट्रकवर. एक चालवायचा तेव्हा दुसरा झोपायचा, आणि घरी आले की दोघंही झोपायचे. त्यामुळे संसार काय तो या दोघींचाच. बाजाराच्या मागच्या गल्लीत चपला शिवणारा आणि किल्ल्या बनवणारा यांच्या मधोमध त्यांचं शिवणाचं दुकान होतं. कापायचं धाकटीनं, शिवायचं थोरलीनं. थोरलीच्या हातची कॉलर म्हणजे बघत राहावं अशी, आणि काज तर असं की उलटसुलट कुठून बघितलं तरी तेच. गिऱ्हाइकं तिला 'मास्तरीणबाई' म्हणत, आणि तिनं कधी कुणाला 'तसं म्हणू नका' म्हटलं नाही.

मग तिच्या हातात संधिवात शिरला. साधा म्हातारपणाचा नव्हे. शरीर आपल्याच सांध्यांवर उलटतं, तो. आधी सकाळी मुठी उघडेनात. मग बोटांची मुळं सुजली, मनगटं सुजली. होता होता सगळी बोटं करंगळीच्या बाजूला कलली, वाऱ्यानं झाड कलावं तशी. सकाळी तर हात म्हणजे लाकडं. दुपार होईतो थोडे सैल पडायचे, आणि संध्याकाळी दमून पुन्हा आखडायचे. सुई सुटली, मग कात्री सुटली, मग चहाचा कप एका हातानं उचलणं सुटलं. थोरलीनं यातलं काहीएक कबूल केलं नाही. ती मशीनवर जाऊन बसायची, गिऱ्हाइकाशी गप्पा मारायची, आणि गिऱ्हाईक पायरी उतरलं की धाकटी तिच्या जागेवर बसून शिवायची.

आता बटणांचं सांगायलाच हवं, कारण सगळा घोळ तिथूनच झाला.

बँडात कर्णा वाजवणारे एक काका त्यांचे जुने गिऱ्हाईक. त्यांना झटका आला, उजवी बाजू लुळी पडली. त्यांची बायको दुकानात येऊन रडायला लागली, "यांना शर्टाची बटणं लावता येत नाहीत आणि मी लावलेली चालत नाहीत. दारं लावून बसतात हो!" थोरलीनं रात्रभर विचार केला आणि एक युक्ती काढली. शर्टाच्या पट्टीवर वरून बटणं तशीच शिवायची, पण ती नुसती शोभेची. काज वरून बंद. खाली, कुणाला दिसणार नाहीत अशी टिचबटणं. तळहातानं नुसतं दाबलं की टिच् करून शर्ट बंद! ओढलं की उघडला. काकांनी तो शर्ट घातला आणि म्हणे घरभर छाती काढून फिरले. मग कुणाकडून कुणाला कळलं कोण जाणे, कुणाचे हात कापायचे, कुणाची बोटं यंत्रात गेलेली, अशी माणसं हळूच, गल्लीत कुणी नाही बघून, दुकानात यायला लागली. आणि काही वर्षांनी थोरलीवरच पाळी आली तेव्हा तिनं स्वतःचे सगळे कपडे तसेच करून घेतले. शिवले धाकटीनं. थोरली शेजारी बसून चुका काढत होती.

तर असला तो गडद निळा ड्रेस घालून बाई तपासणीला गेली.

आणि ही तपासणी काही हौसेची नव्हती. सांध्यांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "वाकली ती बोटं वाकली. पण उरलेलं वाचवता येईल. इंजेक्शनं आहेत. विकत घेणं तुम्हाला झेपायचं नाही, पण अपंगत्वाचं कार्ड मिळालं तर सरकारी दवाखान्यात फुकट मिळतील. मात्र लवकर करा. हे दुखणं थांबून राहत नाही." म्हणजे उरलेले हात वाचवायचे तर आधी हात गेलेत हे पटवायचं! थोरलीला हा व्यवहारच मुळात मान्य नव्हता.

कार्यालयात धाकटीला आत सोडलं नाही. ती बाहेर बाकावर बसली आणि थोरली ताठ मानेनं आत गेली. वेळ भर दुपारची. गरम पाणी, दीड गोळी आणि दुपार, तिन्हींनी मिळून हात तिच्या मानानं फुलासारखे झालेले. समोर तरणा डॉक्टर, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, सकाळपासून माणसं तपासून बेजार झालेला.

"केस स्वतः विंचरता का?"

"मग काय शेजारीण विंचरते?" थोरली हसून म्हणाली.

"स्वयंपाक?"

"बाईमाणसाला विचारायची गोष्ट आहे का ही? करते ना."

"अंघोळ, कपडे?"

"सगळं माझं मी. कुणाच्या उपकारात नाही."

"जरा वरची दोन बटणं काढून परत लावून दाखवा."

घ्या! थोरलीनं तळहात छातीशी नेला, टर्रकन ओढलं, पुन्हा दाबलं. टिच्, टिच्. डॉक्टरनं मान वर करून बघेपर्यंत काम फत्ते. तो काहीतरी लिहून म्हणाला, "छान." आणि मास्तरीणबाई शाळेत पहिला नंबर आल्यासारखी बाहेर आली.

"कसं झालं?" धाकटी उठून उभी राहिली.

"एकदम झकास. डॉक्टर छान म्हणाला."

"छान म्हणाला? ताई, छान कशाला म्हणेल तो?"

ते काही दिवसांनी मोबाइलवर कळलंच. अर्ज नामंजूर. दैनंदिन कामं स्वतः करू शकतात. हवं तर फेरतपासणी मागता येईल.

धाकटीनं ते वाचलं आणि हातातला कापड कापायचा खडू असा आपटला की त्याचा भुगा झाला. एकेक करत तिनं थोरलीकडून आत काय घडलं ते सगळं काढून घेतलं, आणि बटणांपर्यंत आल्यावर तिचा तोलच गेला.

"माझ्याच हातानं शिवलेली टिचबटणं माझ्याच मुळावर आली! अहो, केस कोण विंचरतं तुमचे? भाजी कोण चिरतं? रोज सकाळी तुमच्या मुठी एकेक बोट धरून कोण उघडतं? मी हवेत आहे का हो? भूत आहे का मी?"

"ओरडू नकोस, गल्ली ऐकेल."

"ऐकू दे! सगळं गल्लीसाठीच चाललंय तुमचं. हात गेले तरी चालतील, गल्लीला कळता कामा नये."

थोरलीचाही पारा चढला. "मग काय करायचं होतं? रडायचं होतं त्या पोराएवढ्या डॉक्टरापुढे? लोळण घ्यायची होती? आयुष्यात कुणापुढे हात पसरला नाही मी!"

"पसरताच येत नाहीत आता ते, म्हणून तर गेलो होतो!"

असं म्हणाली आणि धाकटीला स्वतःलाच काहीतरी झालं. ती मशीनपाशी बसली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. इतकी वर्षं दुकानात एकत्र काढली, पण थोरलीनं तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. भांडताना पाहिलं होतं, ते तर रोजचंच.

"मी एकटीनं नाही करणार हो हे दुकान," धाकटी नाक पुसत म्हणाली. "मला कापता येतं. कॉलर तुम्हीच बघायची. आत्ता निदान बोट ठेवून सांगता तरी, 'इथे चूण पडली.' उद्या तेवढंही बोट उचललं नाही तर मी कुणाला विचारू?"

थोरलीनं जाऊन धाकटीच्या पाठीवर मनगट ठेवलं. तळहात नीट टेकत नसे, म्हणून मनगट.

"कर अर्ज परत," ती म्हणाली. "पण मी नाटक नाही करणार, आधीच सांगून ठेवते."

"नाटक तर आजवर करत होतात," धाकटी म्हणाली. "या वेळी नका करू, एवढंच."

फेरतपासणीसाठी धाकटीनं मुद्दाम सकाळची पहिली वेळ मागून घेतली. खिडकीतली बाई म्हणाली, "दुपारी गर्दी कमी असते." धाकटी म्हणाली, "असू दे. ताईंचं दुखणं सकाळी उठतं, त्यालाही यायचंय." त्या दिवशी गरम पाणी नाही आणि जादाची गोळीही नाही. रोजची औषधं तेवढी घेतली. कपड्यांवरून मात्र थोरली हटून बसली.

"तोच निळा ड्रेस घालणार. गबाळी जाणार नाही मी."

"घाला की. मी कुठे नाही म्हणतेय?"

बाहेरच्या बाकावर बसल्या, तर शेजारी कोण? कर्णेवाले काका! अंगात फिकट पिवळा शर्ट, कॉलर अशी बसलेली की थोरलीनं दुरूनच ओळखली. आपल्या हातची शेवटची कॉलर ती. डोळे तिथेच खिळले तिचे.

"मास्तरीणबाई! तुम्ही इथे कशा?" काकांची जीभ अजून थोडी जड होती, पण मिश्कीलपणा होता तसाच.

"आले अशीच. हिला सोबत," थोरली झटकन म्हणाली. धाकटीनं छताकडे बघितलं.

काका पुढे झुकले. "आत बटण लावायला सांगतात म्हणे. बघाच आता. असं लावून दाखवतो की डॉक्टर गार पडेल." आणि डावा तळहात छातीवर आपटून त्यांनी डोळा मारला. पलीकडे त्यांची बायको कौतुकानं हसली.

थोरलीनं त्या शर्टाच्या पट्टीकडे बघितलं. बोलावं की नाही? बोलली तर स्वतःचंही उघडं पडणार. गप्प बसली तर हा माणूस हसत आत जाईल, 'छान' ऐकून बाहेर येईल, आणि मग त्याला जे काही हवं असेल ते राहूनच जाईल. त्या शर्टाचा तिला इतका अभिमान होता, आणि आज तोच शर्ट त्याचा घात करणार होता.

"काका," ती हळूच म्हणाली, "तसं करू नका."

"का हो?"

"मी केलं होतं. म्हणून आज परत आलेय." एवढं म्हणून तिनं मांडीवरच्या ओढणीखालून हात बाहेर काढले. सकाळचे हात, मुठी वळलेले, सुजलेले, एका बाजूला कललेले. गिऱ्हाइकापुढे असे तिनं पहिल्यांदाच काढले. "डॉक्टरांना पट्टी उलटून दाखवा. म्हणावं, वरची बटणं खोटी आहेत. मला लावता येत नाहीत, म्हणून शिवून घेतली. कुणी शिवली विचारलं तर माझं नाव सांगा."

काका त्या हातांकडे बघतच राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझा शर्ट शिवणारी आणि मी, दोघं एकाच बाकावर!" आणि त्यांना असं हसू फुटलं की थोरलीलाही हसू आवरेना. हसता हसता डोळे भरून आले ते निराळं.

तेवढ्यात तिला आत बोलावलं.

या वेळी डॉक्टर वयस्क होते. टेबलावर चहा गार होऊन साय धरलेला. थोरली बसली आणि त्यांनी काही विचारायच्या आत म्हणाली, "डॉक्टर, मागच्या वेळी मी बटणं लावून दाखवली. ती खोटी होती."

"बटणं खोटी?"

"हो. बघा ना." तिनं मनगटानं पट्टी उलटली.

डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून बघितलं, एक टिचबटण स्वतः उघडून लावून पाहिलं. "कमाल आहे! मीही फसलो असतो. कुणाचं डोकं हे?"

"माझं," थोरली म्हणाली. एवढा अभिमान तिला ठेवायचाच होता, आणि डॉक्टरांनीही तो राहू दिला.

मग त्यांनी आपला पांढरा कोट काढून तिच्यासमोर टेबलावर पसरला. "ही खरी आहेत. एक लावून दाखवा. घाई नाही."

थोरलीनं बटण पकडलं. पकडलं म्हणजे दोन बोटांच्या कडांमध्ये दाबलं. आयुष्यात किती काजं केली असतील, त्याला गणती नाही. आज एका काजात एक बटण जाईना. ते निसटलं. तिनं पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. अंगठा वळेना. कपाळावर घाम आला, आणि रागही आला. कुणाचा ते कळेना. डॉक्टर चहाकडे बघत बसले होते, घाईही करत नव्हते आणि थांबवतही नव्हते. शेवटी तिनं हात खाली ठेवले आणि म्हणाली, "नाही येत."

छत कोसळलं नाही. डॉक्टर फक्त म्हणाले, "बरं. केस कोण विंचरतं?"

"धाकटी."

"स्वयंपाक?"

"मी सांगते, करते धाकटी."

"सकाळी उठल्यावर?"

"धाकटी माझ्या मुठी उघडते. एकेक बोट. मी शिव्या घालते, तरी उघडते."

"पाण्याचा तांब्या, दाराची कडी, नळ?"

"धाकटी. धाकटी. नळ मी कोपरानं उघडते, पण बंद धाकटी करते."

प्रत्येक उत्तराला तेच तोंडात येत होतं, आणि थोरलीला ऐकता ऐकता एकदम भडभडून आलं. इतकी वर्षं 'सगळं माझं मी' म्हणताना या बाईला आपण पार पुसून टाकलं होतं. ती म्हणाली होती ना, भूत आहे का मी?

डॉक्टरांनी विचारलं, "ही धाकटी म्हणजे मुलगी का तुमची?"

"जाऊ. बाहेर बसलीय."

"बोलवा तिला आत."

धाकटी आली ती घाबरतच. ताईंनी पुन्हा काय करून ठेवलं, असा चेहरा. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या ताईंना तुम्ही काय काय मदत करता, ते मला सांगा." धाकटीनं थोरलीकडे बघितलं. थोरली म्हणाली, "सांग गं. सगळं सांग. काही राखून ठेवू नकोस." आणि मग धाकटी जी सुरू झाली म्हणता, डॉक्टरांचा तो चहा प्यायचा राहूनच गेला.

बाहेर पडताना बाकावर काका नव्हते. शेजारच्या खोलीतून त्यांचा आवाज येत होता, "वरची बटणं खोटी आहेत, साहेब!" मोठ्या दिमाखात सांगत होते, जसं काही त्यांनीच शोध लावलाय.

कार्ड आलं. धाकटीनं ते पदरचं सोनं असल्यासारखं कपाटात ठेवलं, मग दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायला तेच सापडेना म्हणून घर डोक्यावर घेतलं. इंजेक्शनं सुरू झाली. पहिले काही आठवडे काहीच नाही. थोरली म्हणायला लागली, "पाणीच टोचतात वाटतं." मग एका सकाळी मुठी उघडायला धाकटी आली, तर उजवा हात आधीच अर्धा उघडलेला होता. दोघीही काही बोलल्या नाहीत. बोललं की दृष्ट लागेल, अशी भीती. पण सूज उतरत गेली. वाकलेली बोटं सरळ झाली नाहीत, होणारही नव्हती. तेवढं डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं. मात्र हातात उरलेलं बळ तरलं. थोरली आता कप एका हातानं उचलायला लागली, आणि दुकानात मशीनवर बसून खोटं खोटं न हसता शेजारच्या खुर्चीवर बसायला लागली. गिऱ्हाइकाला सरळ सांगायची, "शिवते ही, चुका काढते मी." दारावर एक पाटीही लागली, ज्यांना बटणं लावता येत नाहीत त्यांचे कपडे शिवून मिळतील अशी. माणसं आता गल्ली रिकामी व्हायची वाट न बघता येत होती.

मग धाकटीनं तिला नवा ड्रेस शिवला, विटकरी रंगाचा. थोरलीनं पट्टी उलटून तपासली. खाली सगळी टिचबटणं, ओळीनं. फक्त गळ्यापाशी सगळ्यात वरचं एक बटण निराळं होतं. त्याला काज होतं. खरं, उघडं काज.

"हे काय? विसरलीस?"

"नाही. असू दे ते. नाही लागलं तर नाही लागलं. गळा उघडा राहिला म्हणून काही गल्ली बुडत नाही."

"आणि काज बघ कसं केलंयस. कोपऱ्यात दोरा सुटलाय."

"हो का? मग स्वतः करा."

"करीन!" थोरली म्हणाली. ते बटण काही लागलं नाही. पुष्कळ दिवस ती गळा उघडा ठेवूनच हिंडली, आणि खरंच गल्लीला कशाचं काही वाटलं नाही.

एके दिवशी सकाळी धाकटी दुकानाच्या किल्ल्या घेऊन दारात उभी. "ताई! चला ना, कुलूप उघडायचंय, माणसं येऊन थांबतील. काय करताय एवढा वेळ?"

"आले, आले. मेलं, हे..."

"काय मेलं?"

धाकटी वैतागून आत गेली, नेहमीसारखी फणी उचलली आणि केस विंचरायला थोरलीच्या मागे उभी राहिली. आरशात बघितलं आणि तिचा हात तसाच थांबला. थोरलीच्या कपाळावर घाम होता, श्वास लागलेला, आणि चेहऱ्यावर काही म्हणजे काही झालं नाही असा आव. गळ्याचं बटण लागलेलं होतं.

धाकटीनं हात पुढे करून बटणाला एक बोट लावून बघितलं. काजात पक्कं बसलेलं होतं.

"खरं आहे ना हे?" तिनं विचारलं.

"तूच शिवलंस, आणि मला काय विचारतेस?" थोरली म्हणाली. "विंचर आता लवकर. माणसं खोळंबलीत."